अकराव्या पानावरची मगर: एका काळ्या-पांढऱ्या चित्रकथेला रंग देण्याचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीचे पाणी बडोद्यात शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही वस्तीत आल्या, तेव्हा आमच्या नात्यागोत्यात एका जुन्या पुस्तकाची आठवण निघाली. ते पुस्तक माझ्या मामांचे. मामा शाळेत चित्रकला शिकवीत. १९७० च्या दशकात त्यांनी टाक आणि कुंचला वापरून, केवळ काळ्या शाईत, ३२ पानांची एक चित्रकथा काढली होती. पुराच्या रात्री दांडिया बाजाराकडच्या एका जुन्या वाड्यात आजी आणि तिचा नऊ वर्षांचा नातू असे दोघेच असतात. मागच्या चौकात वासरू दाव्याला बांधलेले राहिले आहे हे लक्षात येताच मुलगा कंदील घेऊन पाण्यातून निघतो. त्या चौकात मगर आलेली असते. पहाटे एक होडीवाला येतो, सकाळी पाणी ओसरते, आणि शेवटच्या चार पानांत चिखलाने भरलेले घर धुण्याचे काम सुरू होते. कथेत याहून अधिक काही घडत नाही.

मूळ आवृत्तीच्या मोजक्याच प्रती उरल्या होत्या. पुस्तक पुन्हा छापावे असे मामेबहिणीने ठरवले. एका स्नेह्यांनी छपाईचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली, पण पुस्तक रंगीत करावे, कारण आजची मुले काळ्या-पांढऱ्या पानांना हात लावणार नाहीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यांचे म्हणणे मला पूर्ण चूक वाटले नाही. आज आजी-आजोबा झालेली पिढीसुद्धा चांदोबातल्या रंगीत चित्रांवर वाढली आहे, तेव्हा रंगाची ओढ ही मोबाइलने लावलेली सवय आहे असे म्हणता येत नाही. रंगकाम एका तरुण चित्रकर्तीकडे सोपवले. तिचे शिक्षण महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत झालेले आहे. पानांची मांडणी आणि छपाईवर देखरेख माझ्याकडे होती. पुढचे सात महिने आम्हा तिघांना जे शिकायला मिळाले, त्याचीच ही नोंद आहे.

काळ्याची घडण

मामांनी काळा रंग हौसेने निवडला नव्हता. पुस्तक खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईने निघाले होते आणि चित्रांसाठी जस्ताचे लाइन ब्लॉक केले होते. अशा ब्लॉकमध्ये आम्लाने खोदून उरलेला उठाव शाई घेतो आणि खोदलेला भाग कोरा राहतो. करड्या छटेला त्यात जागाच नसते. फोटोसारख्या छटा हव्या असतील तर ठिपक्यांचा हाफटोन ब्लॉक करावा लागे, आणि त्याला चांगला गुळगुळीत कागद लागे. तो परवडत नसे. त्यामुळे अंधार, ओल, सावली आणि अंतर या सगळ्या गोष्टी चित्रकाराला रेघा, ठिपके आणि भरीव काळा एवढ्याच सामग्रीतून उभ्या कराव्या लागत.

मामांनी या अडचणीचे जे केले ते मला आजही थक्क करते. आकाश त्यांनी कुंचल्याने सपाट काळे भरले. भिंतीची ओल बारीक ठिपक्यांनी दाखवली. पाण्यासाठी आडव्या, किंचित तुटक रेघा घेतल्या, आणि चौक जसजसा खोल होत जातो तसतशा त्या रेघा दाट करत अखेर काळ्यात मिळवून टाकल्या. परिणामी नवव्या पानापासून पुढे पाणी कुठे संपते आणि रात्र कुठे सुरू होते हे सांगता येत नाही. अकराव्या पानावर पानभर रुंदीची एकच चौकट आहे. तीत जवळजवळ सगळा काळा आहे, डाव्या कोपऱ्यात कंदील धरलेला मुलगा आहे, आणि पाण्यावर कंदिलाच्या उजेडाचे सात-आठ पांढरे ठिपके विखुरलेले आहेत. त्यांतले दोन ठिपके मगरीचे डोळे आहेत. हे वाचकाला पान उलटल्यावर कळते, कारण अकरावे पान उजव्या हाताचे आहे आणि मगरीचा जबडा बाराव्यावर आहे.

हे पुस्तक मी लहानपणी कितीदा वाचले असेल याची गणती नाही. बारावे पान पाहून प्रत्येक वेळी अकराव्याकडे परतण्याची सवय मला अजून आहे.

पहिले रंगकाम

चित्रकर्तीने मूळ चित्रे मोठ्या रिझोल्यूशनवर स्कॅन केली, काळी रेघ वरच्या लेयरवर ठेवली आणि तिच्याखाली रंग भरले. मामांची एकही रेघ पुसायची नाही ही अट तिने स्वतःहून घातली होती. तिने रंगवलेली पहिली सोळा पाने, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर एकत्र छापला जाणारा एक पूर्ण फर्मा, फार देखणी झाली होती. पुराचे पाणी तिने गढूळ तपकिरी ठेवले, आकाश गडद निळे, भिंती चुन्याच्या पिवळट पांढऱ्या, आणि मगर शेवाळी राखाडी. विश्वामित्रीतली मगर तिने स्वतः पाहिलेली होती आणि तिचा रंग अचूक होता. मगरीच्या डोळ्यांवर रात्री उजेड पडला की ते तांबूस चमकतात हेही तिला ठाऊक होते, म्हणून त्या दोन ठिपक्यांना तिने नारिंगी केले. तिच्या निरीक्षणात खोट काढण्यासारखे काहीही नव्हते.

आम्ही ही पाने आणि जुनी काळी-पांढरी पाने शेजारपाजारच्या आणि नात्यातल्या मुलांना वेगवेगळी वाचायला दिली. काही मोठ्या माणसांनाही दिली. याला मी प्रयोग म्हणणार नाही, पण जे दिसले ते इतके ठळक होते की तिघांनीही ते एकाच दिवशी ओळखले. रंगीत पाने हातात आलेल्या मुलांनी अकरावे पान उघडताच मगरीवर बोट ठेवले. तपकिरी पाण्यात शेवाळी आकार आणि त्यावर दोन नारिंगी डोळे असताना दुसरे काय होणार? पान उलटल्यावर जबडा पाहून कोणी दचकले नाही. काळी-पांढरी पाने वाचणारी मुले मात्र अकराव्या पानावर घुटमळली, "इथे काय आहे?" असे विचारू लागली, आणि बारावे पान पाहिल्यावर त्यांतली बहुतेक जण मागे परतली. रंगीत पानांचे वाचन झपाट्याने झाले, मुलांनी ती आवडीने पाहिली आणि चेहऱ्यांवर अधिक वेळ रेंगाळली. फक्त कथेतली भीती नाहीशी झाली होती.

याचे कारण शोधताना मला वाटते ते असे. काळ्या-पांढऱ्या चित्रात एकच काळा तीन कामे करत होता: तो रात्र होता, पाणी होता आणि मगरीचे अंगही होता. या तीन गोष्टी वेगळ्या करण्याचे काम वाचकाच्या डोळ्यावर सोडलेले होते, आणि तो डोळा वाचकाच्या वतीने जे चाचपडणे करत होता तेच मुलाचे पाण्यातले चाचपडणे होते. रंग आला आणि त्याने तिन्ही गोष्टी वाचकाच्या आधीच वेगळ्या करून ठेवल्या. चित्रकाराने राखून ठेवलेल्या प्रश्नाचे उत्तर रंगाने देऊन टाकले. आपल्याकडच्या लघुचित्रांत रात्रीच्या प्रसंगातही माणसे दिवसासारखी स्वच्छ दिसतात, आणि रात्र आहे हे दिव्यांवरून आणि चांदण्यांवरून समजून घ्यायचे असते. ती सर्व काही दाखवणाऱ्या रंगाची थोर परंपरा आहे. मामांचे पुस्तक मात्र न दाखवण्याच्या बाजूचे होते, आणि आम्ही त्याला न कळत पलीकडच्या बाजूला नेऊन बसवले होते.

दुसरा दोष तांत्रिक होता, पण त्याचेही मूळ इथेच आहे. रेघांच्या दाट जाळीने मामांनी छटा आधीच दाखवली होती. तिच्याखाली गडद रंग भरला की तीच छटा दुसऱ्यांदा मोजली जाते आणि चित्र काळवंडते. रेघ काळ्यासाठी काढली असेल तर रंगासाठी तीच रेघ पुरेशी ठरत नाही, किंवा जास्तीची ठरते. बेल्जियमचे चित्रकार एर्जे यांच्या टिनटिनच्या कथांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. सुरुवातीच्या काळ्या-पांढऱ्या कथांना शंभराहून अधिक पाने होती. १९४२ पासून रंगीत पुस्तके ६२ पानांच्या आकारात निघू लागली, आणि तेव्हा जुन्या कथा केवळ रंगवण्यात आल्या नाहीत, तर चौकटी बदलून पुन्हा काढण्यात आल्या. त्यांची अगदी पहिली कथा मात्र त्यांनी तशीच राहू दिली. ती रंगीत होऊन आली २०१७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर ३४ वर्षांनी. स्वतः चित्रकार हयात असेल तर तो रेघ बदलू शकतो. आमच्यापुढे मामा नव्हते आणि रेघ बदलण्याचा अधिकार आमच्यापैकी कोणालाही नव्हता.

आजीचे कपाळ

मगरीचा प्रश्न निदान आम्हाला दिसत तरी होता. आजीचा प्रश्न एका वृद्ध वाचक बाईंनी दाखवून दिला. पहिल्या रंगकामात आजीला हिरवे लुगडे आणि लाल कुंकू दिले होते. त्या बाईंनी पान हातात घेतले आणि विचारले, "हिचा नवरा आहे का?"

कथेत आजोबांचा उल्लेख नाही. मामांनी आजीच्या कपाळावर एक काळा ठिपका काढला आहे. काळ्या-पांढऱ्या पानावर तो कुंकू असू शकतो, आणि गोंदणही असू शकते. लुगडे कोरे आहे, काठाला दोन रेघा आहेत. जुन्या वळणाच्या घरात विधवा बाईच्या अंगावर कोणत्या रंगाचे वस्त्र असे आणि तिच्या कपाळावर काय नसे, हे मराठी वाचकाला सांगावे लागत नाही. ठिपका लाल केला त्या क्षणी आम्ही आजीला सवाष्ण ठरवले, आणि मग पुराच्या रात्री तिचा नवरा कुठे आहे हा प्रश्न कथेत घुसला. ठिपका पुसला असता किंवा हिरवट निळा केला असता तर ती विधवा ठरली असती आणि कथेवर वेगळीच छाया पडली असती. मामांनी यांपैकी काहीच सांगितलेले नाही. त्यांना सांगावे लागले नाही, कारण काळी शाई हे न सांगता चित्र पूर्ण करू देते. रंग ती सवलत देत नाही. कोणता तरी रंग भरावाच लागतो, आणि भरला की ते विधान होते.

असेच एक विधान आमच्या हातून नकळत झाले होते आणि त्याबद्दल मला अजून अपराधी वाटते. मूळ चित्रांत प्रत्येक माणसाचा चेहरा कागदाच्या पांढऱ्या रंगाचाच आहे. पहिल्या रंगकामात वाड्यातली आजी आणि नातू गव्हाळ गोरे झाले, आणि पहाटे येणारा होडीवाला काळा झाला. हे कोणी ठरवून केले नव्हते. चित्रकर्तीच्या हाताने केले, मी पाहिले, मामेबहिणीने पाहिले, आणि तिघांनाही ते पहिल्यांदा खटकले नाही. नंतर चित्रकर्तीनेच ते लक्षात आणून दिले. जातीची आणि वर्गाची जी ओळख मामांच्या रेघेत नव्हती ती आमच्या रंगाने पुस्तकात आणली होती, आणि तीही पहिल्या बारीक कुंचल्यासरशी.

बडोद्यात बसून हे लिहिताना राजा रविवर्मांची आठवण येणे अपरिहार्य आहे. लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी त्यांनी पौराणिक चित्रे रंगवली, आणि १८९४ मध्ये मुंबईत छापखाना सुरू झाल्यावर त्यांची देवीदेवतांची चित्रे शिळाछापाने घराघरांत गेली. त्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे. आमच्या आजोळच्या देवघरातही त्यांतला एक छाप होता, आणि लक्ष्मीची साडी दुसऱ्या रंगाची असू शकते हे मला कित्येक वर्षे सुचले नव्हते. छापलेल्या रंगाची पकड एवढी घट्ट असते. आमच्या आजीच्या कपाळाचा रंग आम्ही ठरवला असता तर पुढच्या मुलांसाठी तो तसाच ठरून गेला असता.

छपाईची परीक्षा

पहिल्या फर्म्याची चाचणी छपाई एका मुद्रणालयात केली आणि तिथे आणखी एक गोष्ट उघड झाली. संगणकाच्या पडद्यावर गडद निळी दिसणारी रात्र कागदावर चिखलासारखी उतरली. चार रंगांच्या छपाईत प्रत्येक शाईचे शंभर टक्के धरून कागदाच्या एकाच जागी जास्तीत जास्त ४०० टक्के शाई मोजता येते, पण गुळगुळीत आर्ट पेपरवरही साधारण ३०० टक्क्यांच्या पुढे जाणे धोक्याचे असते, आणि मॅपलिथोसारखा शाई शोषणारा कागद त्याहून बराच कमी भार पेलतो. आम्ही मॅपलिथो निवडला होता, कारण मामांची रेघ चकचकीत कागदावर परकी वाटत होती. सर्वांत वाईट गत त्या पांढऱ्या ठिपक्यांची झाली. एकाच काळ्या शाईत छापताना पांढरा ठिपका म्हणजे एका प्लेटवरची एक कोरी जागा. चार शायांमध्ये तोच ठिपका कोरा राहायला चारही प्लेटांवरच्या कोऱ्या जागा एकमेकींवर तंतोतंत बसाव्या लागतात. केसभर सरकले की ठिपक्याला निळी किंवा लाल किनार येते, आणि फार बारीक ठिपका असेल तर तो बुजतो. अकराव्या पानावरचे तीन ठिपके बुजले होते. यंत्रावरच्या माणसाचा त्यात दोष नव्हता. इतक्या बारीक जागेवर चार रंगांचा भार टाकण्याची चूक आमची होती.

दुसरे रंगकाम

यानंतर काही आठवडे पुस्तक काळेच ठेवावे असा माझा हट्ट होता. तो चित्रकर्तीने मोडला, आणि आज मी त्याबद्दल तिचा ऋणी आहे. ती म्हणाली, "काका, रंग नको असं नाही. कंदील जेवढं दाखवतो तेवढंच रंगानं दाखवायचं."

नवव्या ते विसाव्या पानापर्यंत तिने काळ्याबरोबर एकच पिवळा ठेवला, आणि तोही केवळ कंदिलाचा उजेड पोहोचतो तिथे. पिवळ्याची निवड कशी योग्य होती हे छापून झाल्यावर समजले. डोळा आकार ओळखतो तो मुख्यतः उजेड आणि अंधार यांतल्या फरकावरून. पांढऱ्या कागदावर पिवळी शाई हा फरक फारच थोडा करते, म्हणून ती रेघेच्या जाळीशी भांडत नाही, काठाबाहेर थोडी सांडली तरी आकार बिघडत नाही, आणि प्लेट किंचित सरकली तरी चालून जाते. अकराव्या पानावर आता मुलाभोवती पिवळ्याचा एक अस्पष्ट गोल आहे. गोलाच्या आतले ठिपके पिवळसर आहेत आणि बाहेरचे दोन पांढरे आहेत. लक्ष देऊन पाहणाऱ्याला ते दोन वेगळे दिसतात, पण ते काय आहेत हे दिसत नाही. बाराव्या पानावर कंदील पुढे आलेला आहे, आणि पिवळा प्रथमच जबड्यावर पडतो. मामांच्या मूळ पानात हा हिशेब नव्हता. तो रंगाने आणला, आणि मला तो कथेच्या जातीचा वाटतो.

थोड्या रंगात वाचक अडत नाही याचा दाखला आपल्याकडेच आहे. १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथेच्या सुरुवातीच्या अंकांत खर्च वाचवण्यासाठी पिवळा, निळा आणि हिरवा यांवरच भागवले जाई, आणि तरीही मुलांनी ते अंक उचलून धरले.

रात्रीच्या पानांवर आजीच्या कपाळाचा ठिपका काळाच ठेवायला निसर्गानेही पाठबळ दिले. उजेड मंद होत गेला की डोळ्याला तांबडा रंग सर्वांत आधी काळपट दिसू लागतो आणि निळे-हिरवे त्या मानाने उजळ राहतात. कंदिलापासून दूर उभ्या असलेल्या बाईचे कुंकू रात्री काळेच दिसणार.

सकाळची पाने मात्र पूर्ण रंगीत झाली, आणि तिथे रंगाने पुस्तकाला जे दिले ते काळ्या शाईला कधीच देता आले नव्हते. एकोणतिसाव्या पानावर भिंतीवर पाण्याची खूण आहे, मुलाच्या डोक्याच्या वीतभर वर. मामांनी ती एका बारीक आडव्या रेघेने दाखवली होती. इतक्या वाचनांत मी ती भिंतीची भेग समजत आलो होतो. आता रेघेच्या खालचा चुना मातकट तपकिरी आहे आणि वरचा कोरडा पांढरा. रात्री मुलगा ज्या पाण्यातून चालत गेला ते पहाटेपर्यंत कुठवर चढले होते, हे ती भिंत एका दृष्टिक्षेपात सांगते. एका मुलीने त्या पानावर आपला हात डोक्यावर ठेवून उंची मोजून पाहिली. होडीवाला, आजी आणि नातू या पानांवर एकाच चिखलाने माखलेले आहेत, आणि तिघांच्या त्वचेसाठी चित्रकर्तीने एकच रंग वापरला आहे.

दुसऱ्या वाचनात सगळ्यांचे समाधान झाले असे नाही. एका लहान मुलाने नववे पान उघडून "यांचे रंग संपले का?" असे विचारले, आणि त्याला ती पाने शेवटपर्यंत आवडली नाहीत. खर्च देणाऱ्या स्नेह्यांनाही बारा पाने अपुरी वाटतात, जरी त्यांनी शब्द फिरवलेला नाही. उलट मामांच्या एका जुन्या विद्यार्थ्यांनी सकाळची पाने पाहून पुस्तक बाजूला ठेवले आणि मूळ प्रत मागितली. त्या पानांवरचे रेघांचे काम रंगाखाली मागे पडते हे त्यांचे म्हणणे खरे आहे. मुलांनी मात्र अकराव्या पानावर पुन्हा घुटमळायला सुरुवात केली, आणि बाराव्यावरून परतायलाही.

एक गोष्ट अखेरपर्यंत सुटली नाही. सकाळच्या पानांवर आजी उजेडात उभी आहे आणि कपाळ स्पष्ट दिसते. तिथे मंद उजेडाचा आधार घेता येत नाही. लुगडे आम्ही चिखलात भिजलेले दाखवले, त्यामुळे त्याचा मूळ रंग सांगावा लागला नाही. ठिपक्याबद्दल मी मामेबहिणीला दोनदा विचारले. "बाबांनी मला कधी सांगितलं नाही, दादा, आणि मीही विचारलं नाही," एवढेच ती म्हणाली. गेल्या आठवड्यात दुसऱ्या फर्म्याची प्रुफे तिच्याकडून परत आली. तिसाव्या पानावर आजीच्या कपाळाभोवती पेन्सिलीने एक गोल काढलेला आहे, आणि समासात तिच्या अक्षरात लिहिले आहे: आहे तसा ठेवा.